हेडफोनचा आवाज टोचतोय. व्हॉल्व्हचा (जुन्या रेडिओतल्या काचेच्या नळीचा) ॲम्प घेतला तर गोल होईल का?

वडगावकर

नमस्कार मंडळी. मी बेळगावचा, वडगावात राहतो, उद्यमबागेत एका मशीन शॉपला आहे. दिवसभर लेथ आणि ग्राइंडर, म्हणून रात्री जेवणं झाली की तासभर हेडफोन लावून गाणं ऐकतो. दुसरा नाद नाही. बहुतेक वेळा कुमार गंधर्व. त्यांचं सुळेभावी आमच्यापासून गाडीवर अर्ध्या तासावर आहे. लहानपणापासून कानावर पडलेलं गाणं आता नीट बसून ऐकावं अशी इच्छा झाली, म्हणून तीन महिन्यांपूर्वी सेकंडहँड हेडफोन घेतला. पाठ उघडी असलेला, २५० ओहमचा. बॉक्सवर एका मिलिवॉटला ९६ डेसिबल असं लिहिलंय. फोनला डोंगल, म्हणजे हेडफोन जोडायचा छोटा अडॅप्टर, लावून ऐकतो, तो जास्तीत जास्त एक व्होल्ट देतो. आवाज सत्तर टक्क्यांवर पुरतो.

अडचण अशी की शब्दांतला 'स', 'श', 'च' आला की कानात सुई गेल्यासारखं होतं. तानपुऱ्याची झणझण सुरुवातीला छान वाटते, दहा मिनिटांनी नको होते. तार षड्जावर आवाज लागला की मी आपोआप डोळे मिटतो, ते आनंदानं नव्हे.

आजोबांचा व्हॉल्व्हचा रेडिओ होता, लाकडी पेटीचा. त्यावर धारवाड आकाशवाणी लागायची. तसा गोल, भरलेला आवाज मला हवाय. बाजारात एकानं सांगितलं, व्हॉल्व्हचा हेडफोन ॲम्प घ्या, ट्रेबल मऊ होईल, उब येईल. किंमत १८ हजार. माझ्यासाठी ती मोठी रक्कम आहे, खरं काम होणार असेल तर जमवीन.

आणखी एक गोष्ट, उपयोगी आहे का माहीत नाही. बाबांना तोच हेडफोन लावायला दिला तर म्हणाले, "कुठं टोचतंय? उलट शब्दच स्पष्ट येईनात." बाबांनी तीस वर्षं पॉवरलूम चालवला. एकच वस्तू दोघांना इतकी वेगळी कशी ऐकू येते?

अनगोळहून

व्हॉल्व्हचा ॲम्प बिनधास्त घ्या. मी सेन्हायझरचा एचडी ६०० हेडफोन आधी साध्या ॲम्पवर ऐकायचो, नंतर व्हॉल्व्हचा घेतला. जमीन-अस्मानाचा फरक. खालचा आवाज भरला, तबल्याचा बायाँ छातीत जाणवायला लागला. मोजमापात सगळं येत नाही, कान सांगतात ते खरं.

निपाणीचा रेडिओ दुरुस्तीवाला

वडगावकर, थांब. १८ हजार आत्ता खिशातच राहू देत. मी १९८३ पासून रेडिओ, टेपरेकॉर्डर, ॲम्प्लिफायर उघडतोय, आणि तुझा प्रश्न माझ्या टेबलावर शंभर वेळा आलेला आहे, फक्त वस्तू बदलत गेली.

आधी आजोबांच्या रेडिओचं. तो आवाज गोल होता ही गोष्ट खरी. खरं तो व्हॉल्व्हमुळं गोल नव्हता. धारवाड ऐकायचास ते मध्यम लहरींवर. आपल्याकडं त्या पट्ट्यात दोन केंद्रांमधलं अंतर ९ किलोहर्ट्झ. शेजारचं केंद्र घुसू नये म्हणून रेडिओतले आय.एफ. ट्रान्सफॉर्मर, म्हणजे हवं तेवढंच केंद्र गाळून घेणारी वेटोळी, दोन्ही बाजूंनी कापतात, आणि गाण्यातलं साडेचार किलोहर्ट्झच्या वरचं जवळजवळ काही स्पीकरपर्यंत पोचतच नाही. तुझा 'स' टोचतो तो सहा ते नऊ किलोहर्ट्झमध्ये. म्हणजे आजोबांच्या रेडिओत 'स'ची सुई आलीच नव्हती, मऊ कसली होणार? त्यात मोठा कागदी कोनचा स्पीकर आणि लाकडी पेटी, त्यामुळं दीडशे-दोनशे हर्ट्झचा भाग फुगून यायचा. वरचं गेलं, खालचं फुगलं, त्याला आपण उबदार म्हणालो.

आउटपुट व्हॉल्व्हच्या ॲनोडला, म्हणजे ईएल ८४ किंवा ईसीएल ८२ च्या तिथं, एक छोटा कपॅसिटर असायचा. वेलदोड्याएवढा, पाच नॅनोफॅरडच्या आसपासचा. त्याचं काम वरचा आवाज गाळून टाकणं. तो आतून तुटला की रेडिओ चालू राहायचा, केंद्रं लागायची, फक्त आवाज चिरका व्हायचा. तंबाखूच्या वखारीत काम करणाऱ्या बायका रेडिओ पदरात गुंडाळून आणायच्या आणि म्हणायच्या, "दादा, ह्यो किंचाळाय लागलाय बघा." मी व्हॉल्व्हला हातही लावायचो नाही. जुना कपॅसिटर कापायचा, नवा झाळायचा, पुन्हा गोल आवाज. दहा मिनिटांचं काम. ती बाई व्हॉल्व्हकडं बघून म्हणायची, नवा दिवा घातला वाटतं. तेव्हापासून आवाजाच्या उबेचं श्रेय कुणाला द्यायचं ते मी उघडून बघितल्याशिवाय ठरवत नाही.

आता अनगोळच्या मित्राचं. त्याला फरक जाणवला, तो खराच आहे, आणि तो मोजमापातही येतो. एचडी ६०० ला ३०० ओहमचा म्हणतात, म्हणजे तो करंटला तेवढा अडवतो, त्यालाच इम्पिडन्स म्हणतात. खरं हा आकडा सगळ्या सुरांना सारखा नसतो. शंभर हर्ट्झच्या आसपास त्याच्या पडद्याचा स्वतःचा अनुनाद आहे, तिथं इम्पिडन्स चढून ५०० च्या वर जातो. एक टेकडीच उभी राहते. ॲम्पच्या पोटातही थोडा रोध असतो, त्याला आउटपुट इम्पिडन्स म्हणतात. चांगल्या ट्रान्झिस्टर ॲम्पमध्ये तो एक ओहमच्या आसपास किंवा त्याहून कमी. ट्रान्सफॉर्मर नसलेल्या व्हॉल्व्ह ॲम्पमध्ये शंभर किंवा वरही सापडतो.

उसाच्या रानात लांब बारीक वायर टाकून मोटर चालवलेली बघितलीस ना? मोटरनं जास्त करंट ओढला की वायरीतच व्होल्टेज पडतं. करंट कमी ओढला की पडत नाही. इथं तसंच. हेडफोनचा इम्पिडन्स जिथं जास्त, तिथं करंट कमी, म्हणून ॲम्पच्या आतल्या रोधात कमी वाया जातं आणि हेडफोनला जास्त मिळतं. १२० ओहमचा ॲम्प धर. ३०० ओहमच्या ठिकाणी हेडफोनला ७१ टक्के व्होल्टेज पोचतं, ५५० च्या ठिकाणी ८२ टक्के. सव्वा डेसिबलच्या आसपास फरक. थोडा वाटतो, पण तो बरोबर बायाँच्या आणि भरदार गळ्याच्या तळाला पसरून बसतो, म्हणून कळतो. अनगोळच्या मित्रानं तेच ऐकलं. म्हणजे १२० ओहमचा एक साधा रेझिस्टर मध्ये जोडला असता तरी तेवढा बदल झाला असता, आणि तो रुपया-दोन रुपयांना मिळतो.

तुझ्या प्रकारच्या हेडफोनमध्ये ही टेकडी बुटकी असते. म्हणून तुला तेवढाही फायदा मिळणार नाही. आणि आठ किलोहर्ट्झजवळचं जे टोक टोचतंय, तिथं इम्पिडन्स जवळजवळ सपाट असतो. व्हॉल्व्ह लाव नाहीतर दुसरं काही, ते टोक आहे तसंच राहणार. ते कंपनीनं पडद्याच्या आणि कपाच्या आकारात बसवलेलं आहे.

ताकद कमी पडतेय का, हेही बघू. २५० ओहममध्ये एक मिलिवॉट म्हणजे अर्धा व्होल्ट, त्याला ९६ डेसिबल. तुझा डोंगल एक व्होल्ट देतो, म्हणजे सहा डेसिबल जास्त, १०२. ख्यालाच्या ध्वनिमुद्रणात सरासरी आवाज शिखरापेक्षा पंधरा-वीस डेसिबल खाली असतो. पूर्ण उघडलास तर सरासरी ८२ ते ८७. सत्तर टक्क्यांवर पुरतो म्हणालास ते या हिशेबात बसतं. ताकदीचा प्रश्न नाही.

मग करायचं काय? पहिलं म्हणजे पॅड बघ. सेकंडहँड घेतलायस, आतला स्पंज बसला असेल. कान आतल्या कापडाला टेकतोय का? पॅड चपटा झाला की पडदा कानाजवळ येतो आणि सगळा तोल बदलतो. दुसरं, फोनवर पॅरामेट्रिक इक्वलायझरचं, म्हणजे हव्या त्याच सुरांचा आवाज कमी-जास्त करणारं, एखादं फुकटचं ॲप घे. साधा सूर काढणारं ॲपही मिळतं. आवाज अगदी बारीक ठेव आणि पाच किलोहर्ट्झपासून दहापर्यंत सूर हळूहळू सरकव. एका जागी एकदम टोचेल. तो आकडा लिही. प्रत्येकाच्या कानाच्या पाळीचा आकार वेगळा, त्यामुळं माझा आकडा तुला चालणार नाही. त्या जागी अरुंद कात्री लाव, म्हणजे तेवढाच पट्टा चार-पाच डेसिबल कमी कर. तेवढंच.

हे रात्री करू नको. ग्राइंडरच्या आवाजात दहा तास काढलेल्या थकलेल्या कानाचा निवाडा धरायचा नाही. सुट्टीच्या दिवशी सकाळी कर.

आणि बाबांचं. खरं म्हणजे तुझ्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ ती आहे, आणि तू ती शेवटी लिहिलीस. पॉवरलूमच्या शेडमध्ये ९० डेसिबलच्या वर आवाज असतो. इतक्या आवाजात वर्षानुवर्षं राहिलं की कानातल्या केशपेशी आधी ४ किलोहर्ट्झच्या आसपास मरतात. तिथं खड्डा पडतो. माणसाला बोलणं ऐकू येतं, खरं 'स', 'त', 'क' हे वेगळे पडत नाहीत. बाबा म्हणाले ना, शब्द स्पष्ट येईनात? त्यांना एकदा कानाच्या डॉक्टरकडं ने, ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घे. आणि तू स्वतः उद्यापासून कानात इअरप्लग घालून काम कर. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास अशी आहे. ग्राइंडर त्याच्या पुष्कळ वर आहे.

मी हे पुस्तकातलं सांगत नाही. जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीतून एक बारीक शिट्टी यायची, १५,६२५ हर्ट्झची. तरुणपणी गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढायच्या आत, शेजारच्या घरातला टीव्ही चालू आहे का बंद, मी सांगायचो. चाळिशीत ती शिट्टी गेली. मला वाटलं टीव्ही सुधारले. एक दिवस माझा पुतण्या टेबलाजवळ येऊन कानावर हात ठेवून म्हणाला, "काका, किती जोरात वाजतोय हा!" मला काहीच ऐकू येत नव्हतं. टीव्ही तोच होता.

खानापूरची तानपुरेवाली

काकांचं पटलं, खरं एका ठिकाणी मला सावध करावंसं वाटतं. मी गाणं शिकवते. दोन-तीन वर्षांनी एकदा तानपुरा घेऊन रेल्वेनं मिरजेला जाते, जवारी काढायला, म्हणजे झणकार नीट करून घ्यायला. तिथला कारागीर तारा टेकतात ती घोडी कानशीनं घासतो, थांबतो, तार छेडतो, पुन्हा घासतो. केसाएवढा उतार बदलला की तार उघडते. मग घोडी आणि तारेच्या मध्ये सुती दोरा सरकवायचा. दोरा एका जागी आला की झणकार फुटतो. अर्धा मिलिमीटर पुढं गेला की तार मुकी. मी समोर बसून बघितलंय. तो माणूस खालच्या सुराला काहीच करत नाही. सगळी मेहनत वरच्या स्वरांशांसाठी, म्हणजे मूळ सुराबरोबर उमटणाऱ्या वरच्या सुरांसाठी.

म्हणून वडगावकर, तानपुऱ्याची ऊब वरच्या आवाजातच असते. माझा खर्ज षड्ज साधारण शंभर हर्ट्झचा. त्याच्या वर ओळीनं दुप्पट, तिप्पट, चौपट सूर उमटतात, त्यातून पंचम दिसतो, गंधार दिसतो, आणि ते सगळे मिळून गाणाऱ्याला मांडी देतात. ट्रेबलचा नॉब सरळ खाली ओढलात तर 'स'ची सुई जाईल आणि झणकारही जाईल. उरेल नुसती गुणगुण. माझ्या एका विद्यार्थ्यानं तसं केलं होतं आणि मला विचारत होता, तानपुरा बेसुरा का वाटतोय. तो बेसुरा नव्हता, अर्धा होता.

कुमारजींच्या बाबतीत तर जास्तच जपा. क्षयानंतर एक फुप्फुस निकामी झालं, लांब दमसास गेला, आणि त्यांनी छोट्या, टोकदार फेकीतून गाणं उभं केलं. स्वर लागतो तो क्षणच तिथं सगळं सांगून जातो. ती धार हेडफोनची आहे की गळ्याची, हे ओळखल्याशिवाय कापू नका.

निपाणीचा रेडिओ दुरुस्तीवाला

ताई, बरोबर. म्हणूनच अरुंद कात्री म्हणालो, खरं कारण तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं सांगितलंत.

तुमच्यावरून व्हॉल्व्हचं राहिलेलं एक सांगतो, नाहीतर अनगोळच्या मित्रावर अन्याय होईल. व्हॉल्व्हमध्ये जी थोडी विकृती, म्हणजे मूळ आवाजात नसलेली भर, असते ती बहुतेक दुसऱ्या स्वरांशाची. २०० हर्ट्झ घातला तर त्याच्याबरोबर बारीकसा ४०० चा सूर येतो, म्हणजे तोच स्वर वरच्या सप्तकातला. तिसरा स्वरांश आला असता तर ६०० चा, वरच्या सप्तकातला पंचम. दोन्ही मूळ स्वराशी भांडत नाहीत, म्हणून कानाला गोड लागतं. एक टक्का विकृती म्हणजे मूळ सुराच्या ४० डेसिबल खाली. गाण्यात ती बहुतेक झाकली जाते. ज्याला ती चव आवडते त्यानं जरूर घ्यावा, मलाही व्हॉल्व्ह पेटलेला बघायला आवडतो. फक्त टोचणारा हेडफोन बरा करायचं औषध म्हणून घेऊ नये.

अनगोळहून

काका, तुम्ही म्हणालात म्हणून साध्या ॲम्पला १२० ओहमचा रेझिस्टर लावून बघितला. दोन्हींचा आवाज मीटरनं सारखा केला. व्हॉल्व्हच्या बराच जवळ आला. आधी मी तुलना केली होती तेव्हा व्हॉल्व्हचा ॲम्प थोडा मोठ्यानं वाजत होता, हे आत्ता लक्षात आलं. माझा ॲम्प मी विकणार नाही, मला तो प्रिय आहे. वडगावकरांना दिलेला सल्ला मात्र मागं घेतो.

वडगावकर

सगळ्यांचे आभार. आठवडा घेतला, पण सांगितलं तसंच केलं.

पॅड काढला तर आतला स्पंज पापडासारखा झालेला, कापडावर माझ्या कानाचा गोल डाग. नवे पॅड बसवले, साडेआठशे रुपये. निम्मी सुई तिथंच गेली. रविवारी सकाळी सूर सरकवला. ८,३०० ला असा टोचला की हेडफोन काढून ठेवला. आधी हावरेपणानं नऊ डेसिबल कापलं. 'स' एकदम शांत झाला, मला आनंद झाला, आणि मग खानापूरच्या ताई म्हणाल्या तेच झालं. तानपुरा खोलीतून उठून गेला. सहावर आणलं, मग साडेचारवर. साडेचारला 'स' आहे, टोचत नाही, आणि तानपुऱ्यात गंधार ऐकू येतो. आधी मला तो कधी ऐकू आला नव्हता. म्हणजे सुईनं तो झाकला होता का?

तार षड्जाची धार तशीच आहे. ती गळ्याचीच होती.

बाबांना घेऊन गेलो. दोन्ही कानांत ४,००० हर्ट्झला आलेख खाली जातो, ६० डेसिबलपर्यंत. डॉक्टर म्हणाले यंत्र लावून बघू. बाबा घरी येताना गाडीवर मागून एवढंच बोलले, "शेडमध्ये सगळेच मोठ्यानं बोलायचे, म्हणून कळलं नाही."

काका, एक विचारतो. इक्वलायझरमध्ये त्यांच्यासाठी ४ किलोहर्ट्झ वीस डेसिबल वाढवून ठेवलं तर त्यांना गाणं नीट ऐकू येईल का?

निपाणीचा रेडिओ दुरुस्तीवाला

ते करू नको. अशा कानाला बारीक आवाज ऐकू येत नाही, खरं मोठा आवाज तुझ्या-माझ्याइतकाच मोठा लागतो, कधी जास्तच. मधली जागा आखडलेली असते. वीस डेसिबल सरसकट वाढवलंस तर बारीक 'स' ऐकू येईल आणि पुढच्याच क्षणी तार षड्ज थोबाडीत मारल्यासारखा येईल, शिवाय उरलेल्या पेशींवर भार. डॉक्टरांचं यंत्र बारीक आवाजाला जास्त उचलतं आणि मोठ्याला कमी. इक्वलायझरला तेवढी अक्कल नाही. आधी यंत्र लागू देत, महिनाभर सवय होऊ देत. मग गाणं हेडफोनवर नको, खोलीत स्पीकरवर लाव, बारीक ठेव, आणि बाबांना स्पीकरच्या समोर बसव.

गंधाराचं विचारलंस. हो, जोराचा सूर शेजारच्या बारीक सुराला झाकतो. खरं तुझी सुई ८,३०० ला आणि तो गंधार पाचशेच्या आसपास, इतक्या लांबचं झाकत नाही. माझा अंदाज वेगळा आहे. टोचत असताना तू आवाज बारीक ठेवत होतास आणि कान आखडून बसत होतास. आता नॉब किती टक्क्यांवर आहे?

वडगावकर

ऐंशी. बघितलंच नव्हतं.

निपाणीचा रेडिओ दुरुस्तीवाला

मग पंच्याहत्तरला आण, आणि गंधार राहतो का बघ.